मांजराचा कॅन्सर: ऐकीव काय, खरं काय

मांजराच्या पोटात गाठ निघाली की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, वाट्टेल ते करू पण तिला वाचवू. दुसरा म्हणतो, मुक्या जिवाचे हाल नकोत, आहे तेवढं सुखाने जगू दे. दोघांचीही माया खरी असते, पण दोघेही बहुतेक वेळा मांजराबद्दल बोलतच नसतात. एकाच्या डोळ्यांसमोर ऑपरेशननंतर वीस वर्षं ठणठणीत राहिलेली मावशी असते, दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर केमोने खंगलेले मामा. कॅन्सर म्हटलं की आपल्याला परळचं टाटा आठवतं. त्याच परळमध्ये जनावरांचं बाई साकरबाई रुग्णालय आणि १८८६ सालचं पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे, पण मांजराचा निर्णय घेताना आपण अनुभव आणतो तो टाटाच्या वॉर्डातला. बरेचसे गैरसमज तिथूनच येतात.

“कॅन्सर म्हणजे खेळ खलास”

कुठला कॅन्सर, यावर सगळं अवलंबून आहे. मांजरांत वारंवार आढळणारा एक म्हणजे लिम्फोमा, आणि म्हाताऱ्या मांजरांत तो बहुधा आतड्याचा असतो. मांजर हळूहळू वाळत जाते, आठवड्यातून दोन-तीनदा ओकते, “केसांचा गोळा अडकला असेल” म्हणून घरचे सोडून देतात, आणि काही महिन्यांनी सोनोग्राफीत आतड्याची भिंत जाड झालेली दिसते. इथपर्यंतची कहाणी सगळ्यांची सारखीच. पुढे दोन वाटा फुटतात. लहान पेशींचा लिम्फोमा संथ असतो. क्लोरॅम्ब्युसिल आणि प्रेडनिसोलोन या दोन गोळ्या घरच्या घरी द्यायच्या, अधूनमधून रक्त तपासायचं. बहुतेक मांजरी याला चांगला प्रतिसाद देतात आणि दोन वर्षं, कधी त्याहून जास्त, बऱ्यापैकी मजेत काढतात. तेरा वर्षांच्या मांजराच्या आयुष्यात दोन वर्षं म्हणजे थोडाथोडका काळ नव्हे.

मोठ्या पेशींचा लिम्फोमा मात्र झपाट्याने वाढतो. उपचार केले नाहीत तर महिना-दोन महिन्यांत सगळं आटोपतं. त्याला सुरुवातीला दर आठवड्याला इंजेक्शनं लागतात. निम्म्या किंवा थोड्या अधिक मांजरींना उतार पडतो, पण मिळणारा काळ साधारण सहा ते नऊ महिन्यांचा. काही मोजक्या वर्षापलीकडेही जातात. रिपोर्टवर “लिम्फोमा” हा शब्द दोन्हीकडे असतो, त्यामुळे तो वाचून रडायला किंवा लढायला लागण्याआधी डॉक्टरांना पेशी कोणत्या हे विचारा.

स्तनाच्या गाठींचं तर गणितच वेगळं. कुत्रीच्या स्तनातल्या बऱ्याच गाठी साध्या निघतात. मांजरीत दहापैकी आठ-नऊ गाठी कॅन्सरच्या असतात, म्हणून “वाढते का बघू” हा सल्ला इथे घातक. गाठ दोन सेंटीमीटरच्या आत असताना त्या बाजूची स्तनांची अख्खी ओळ काढली तर पुढची काही वर्षं मिळू शकतात. तीन सेंटीमीटरच्या वर गेली की हिशेब महिन्यांवर येतो. सहा महिन्यांची व्हायच्या आत नसबंदी झालेल्या मांजरीला हा धोका सुमारे ९१ टक्क्यांनी कमी असतो. माजावर येऊ नये म्हणून हार्मोनची औषधं दिली जातात, ती उलट तो वाढवतात.

पांढऱ्या मांजरांच्या कानांकडे कुणी नीट पाहत नाही. उन्हात लोळणाऱ्या पांढऱ्या बोक्याच्या कानाच्या कडेला बारीकशी खपली धरते, पडते, पुन्हा धरते. भांडणात ओरबाडलं असेल असं वाटतं. महिनाभरात ती बरी झाली नाही तर तो उन्हाने होणारा त्वचेचा कॅन्सर असू शकतो. वेळेत कानाची पाळी कापून काढली तर बोका पूर्ण बरा होऊ शकतो. दिसायला जरा विचित्र दिसतो, त्याला त्याचं काही नसतं. याच जातीचा कॅन्सर तोंडात, जिभेखाली झाला तर मात्र फार थोडं हाती राहतं. निदानानंतर बहुतेक मांजरी दोन-तीन महिन्यांपलीकडे जात नाहीत आणि वर्ष गाठणाऱ्या दहात एकही नसते. तिथे मोठ्या शस्त्रक्रियेच्या मागे लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दुखणं कमी करण्यावर सगळा जोर द्यावा.

“गाठीला सुई लावली की कॅन्सर पसरतो”

ही भीती माणसांच्या बाबतीतही आहे, प्राण्यांच्या बाबतीतही. बारीक सुईने गाठीतल्या पेशी ओढून काचेवर पाहणं ही बहुतेक गाठींसाठी सुरक्षित आणि स्वस्त तपासणी आहे; मांजराला ती लसीच्या इंजेक्शनइतकीच जाणवते. अपवाद आहेत. मूत्राशयातल्या संशयित गाठीत पोटावरून सुई घालणं डॉक्टर टाळतात, कारण तिथे सुईच्या वाटेने पेशी रुजल्याची उदाहरणं आहेत. सुई न लावता नुसत्या अंदाजाने उपचार सुरू करणं या तपासणीपेक्षा कितीतरी महागात पडतं. विशेषतः स्टिरॉइड. स्टिरॉइड दिलं की मांजर दोन दिवसांत खायला लागते, घरात आनंदीआनंद होतो, आणि नंतर बायोप्सी केली तर लिम्फोमा धड ओळखू येत नाही. पुढे केमो द्यायची ठरली तर तिचा गुणही कमी येऊ शकतो. म्हणून स्टिरॉइड सुरू करण्याआधी “बायोप्सी करायची आहे का?” हा प्रश्न एकदा विचारून घ्यावा.

“केमो म्हणजे नुसते हाल”

माणसाला केमो देताना रोग मुळापासून उपटायचा असतो, त्यासाठी काही महिन्यांचा त्रास आपण समजून-उमजून सोसतो. मांजराला “हे सहा महिने काढ, मग बरं वाटेल” असं सांगता येत नाही. म्हणून प्राण्यांच्या केमोचा हेतूच वेगळा ठेवलाय: रोग दबवायचा आणि जगणं चांगलं राहील असं बघायचं. डोस त्या मानाने कमी असतात. एखाद-दुसरा दिवस भूक मंदावते, जुलाब होतात, पांढऱ्या पेशी उतरतात. दवाखान्यात भरती करावं लागेल इतका त्रास थोड्यांनाच होतो. टक्कलही पडत नाही. मिशा गळतात, आणि सोनोग्राफीसाठी कातरलेले पोटावरचे केस उगवायला वेळ लागतो, इतकंच.

मात्र माणसांची औषधं सरसकट मांजराला चालत नाहीत. माणसांना आणि कुत्र्यांना दिलं जाणारं सिस्प्लॅटिन मांजराच्या फुप्फुसांत पाणी भरून तिचा जीव घेतं. माणसाच्या त्वचेवर लावायचं फ्लुरोयुरॅसिलचं मलम मांजराने नुसतं चाटलं तरी ते जिवावर बेतू शकतं. त्यामुळे कुणाच्या तरी कपाटात उरलेलं औषध आणून प्रयोग करू नयेत.

घरी गोळी देण्याचीही शिस्त आहे. क्लोरॅम्ब्युसिलची गोळी फ्रिजमध्ये ठेवायची, हातमोजे घालून बाहेर काढायची, मोडायची नाही, कुटायची नाही. कोंबडीच्या काळजाच्या तुकड्यात अख्खी दडवायची आणि मांजराने ती खरंच गिळली का, हे पाहायचं. नुसतं काळीज चाटून गोळी सोफ्याखाली टाकण्यात मांजरी पटाईत असतात. घरात कुणी गरोदर असेल तर तिने गोळीला आणि मांजराच्या शी-शूच्या मातीला हात लावू नये. कॅन्सर मांजराकडून माणसाला होत नाही. ही काळजी औषधाची आहे.

“आता वय झालं, कशाला?”

वय हा आजार नाही. पंधरा वर्षांची पण मूत्रपिंडं नीट असलेली मांजर भूल सोसते, आठ वर्षांची पण मूत्रपिंडं गेलेली सोसेलच असं नाही. रक्त, लघवी आणि रक्तदाब बघून ठरवा.

“लसीमुळेच झाला”

यात तथ्याचा एक छोटा कण आहे. इंजेक्शनच्या जागी फार क्वचित, हजारो डोसांमागे एखाद्या मांजराला, सार्कोमा होतो. म्हणूनच बरेच डॉक्टर हल्ली लस मानेच्या मागे न देता पायात खाली देतात, म्हणजे वेळ आलीच तर तो भाग पूर्ण काढता येतो. लसीनंतर आलेली गाठ तीन महिन्यांनीही असेल, दोन सेंटीमीटरहून मोठी असेल किंवा महिन्यानंतरही वाढत असेल, तर बायोप्सी करायची. यातलं एक जरी लागू पडलं तरी थांबू नका. मात्र या भीतीने लस टाळणं चुकीचं. मांजरांच्या ल्युकेमिया विषाणूमुळे होणारे लिम्फोमा रक्ततपासणी आणि लस आल्यापासूनच कमी झाले आहेत.

“उपचार नको म्हणजे काहीच नको”

इथे मांजरांचे सगळ्यात जास्त हाल होतात. केमो नको असं ठरवलं तरी वेदनाशामक, उलटीचं औषध, भूक वाढवणारं औषध आणि कातडीखाली सलाईन हे सगळं उरतंच. घरातली तापाची गोळी मात्र चुकूनही देऊ नका. पॅरासिटामॉल पचवणारं विकर मांजराच्या यकृतात जवळजवळ नसतं, त्यामुळे एक गोळीही मारक ठरते. हळद-दुधाने गाठ विरघळत नाही, आणि मोठ्या मांजराला दूध बहुधा पचतही नाही. दोन-तीन दिवस मांजर काहीच खात नसेल, विशेषतः ती लठ्ठ असेल, तर यकृतात चरबी साचून वेगळंच संकट उभं राहतं. अशा वेळी मानेतून अन्ननलिकेत बसवलेली नळी दिसायला भयंकर वाटते, पण जबड्यात बोट घालून जबरदस्तीने भरवण्यापेक्षा ती मांजराला कितीतरी सोसवते.

“घुरघुरते आहे, म्हणजे बरी आहे”

मांजर दुखत असतानाही घुरघुरते. त्यापेक्षा चेहरा पाहावा. माँट्रियल विद्यापीठात यासाठी एक मापन तयार झालं, २०१९ मध्ये ते प्रसिद्ध झालं, आणि ते घरीही वापरता येतं. कान बाहेरच्या बाजूला वळलेत का, डोळे किलकिले झालेत का, नाकातोंडाचा भाग ताणलेला दिसतो का, मिशा सरळ ताठ आहेत का, डोकं खांद्यांच्या रेषेखाली झुकलंय का. प्रत्येकाला शून्य ते दोन गुण द्यायचे. दहापैकी चार किंवा जास्त आले तर वेदनाशामक हवं.

“एकदा सुरू केलं की मागे फिरता येत नाही”

येतं. दोन-तीन डोस देऊन पुन्हा सोनोग्राफी करायची, गुण नसेल तर थांबायचं, हे पहिल्याच दिवशी डॉक्टरांशी बोलून ठेवावं. खर्चाची मर्यादाही तेव्हाच सांगून टाकावी. ती ऐकून चांगला डॉक्टर नाक मुरडत नाही, त्यात बसेल असा मार्ग सुचवतो. आणि मांजराच्या तीन सवयी कागदावर लिहाव्यात, म्हणजे बांगडा तळताना ओट्याखाली येऊन बसणं, पहाटे अंगावर चढून उठवणं, खिडकीत बसून कबुतरांवर चिडणं, अशा. रोज कॅलेंडरवर चांगला दिवस की वाईट, एवढी खूण करावी. तिन्हीतल्या दोन सवयी सुटल्या आणि वाईट दिवस जास्त होऊ लागले की घरातल्या दोन पक्षांना वाद घालायला फारसं काही उरत नाही.

“आपोआप जाऊ दे, ते शांत असतं” हेही क्वचितच खरं ठरतं. छातीत पाणी भरलेली किंवा तोंड बंद पडलेली मांजर शांतपणे जात नाही. दयामरणात आधी गुंगीचं औषध देतात, मग भुलीचा जास्त डोस; थोड्या मिनिटांत संपतं. त्यासाठी डॉक्टर घरी येतात का, रविवारी रात्री कुणाला फोन करायचा, हे गरज पडण्याआधीच विचारून ठेवा. पुढची सोयही पाहून ठेवा. मुंबईत मालाडला महापालिकेची लहान प्राण्यांसाठी दहनव्यवस्था आहे, आपल्या गावात काय आहे ते डॉक्टरांच्या कंपाउंडरला नक्की ठाऊक असतं.