घाट चढणाऱ्या टर्बो गाडीला रेडिएटर कोणता?

नवी मुंबईतल्या टर्बोप्रेमींनो, पाम बीच रोडवर रिमॅप केलेल्या गाडीचा तापमानाचा काटा शांतच असतो. खरी परीक्षा मे महिन्यात, एसी लावून बोरघाट चढताना होते. इंजिनावर ताण जास्त आणि पुढे ट्रक असले की वेग कमी, म्हणजे वाराही कमी! म्हणून नुसता जाड कोअर बघून भुलू नका. पंखा कमकुवत असेल तर दाट फिन्समधून हवा आरपार जातच नाही. माझी पसंती मध्यम जाडीच्या, वेल्ड केलेल्या पूर्ण अ‍ॅल्युमिनियम रेडिएटरला. प्लॅस्टिकच्या टाक्या उष्णतेने कालांतराने तडकतात. पंख्याचा श्राउड नीट बसलाच पाहिजे. कूलंट कॉन्सन्ट्रेट निम्मं, डिस्टिल्ड वॉटर निम्मं. बोअरचं पाणी अजिबात नको. आणि हो, पैसे घालण्याआधी थर्मोस्टॅट, कॅप आणि पंखा तपासून घ्या.