हुकावरचा भार आणि ट्रॅक्टरची पुढची चाके



ऊस तोडणीला आला की आपल्या सर्वांचे लक्ष तोडीच्या तारखेकडे, टोळीकडे आणि काट्यावरच्या वजनाकडे लागते. ट्रॉली कशी भरली व ट्रॅक्टरला कशी जोडली, हे मात्र फारसे कोणी पाहात नाही. "ते ड्रायव्हरचं काम" म्हणून आपण बाजूला होतो. परंतु चढावर ट्रॅक्टरचे तोंड उचलते, त्याचे कारण पुष्कळ वेळा फडातच घडलेले असते. आणि फडात मालक म्हणून आपणच उभे असतो. म्हणून हा विषय आपणापुढे मांडीत आहोत.

बैलगाडी भरणाऱ्या जुन्या माणसाला यातले मर्म सांगावे लागत नाही. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते आणि जू वर उचलते. पुढे जास्त झाला की बैलांच्या मानेवर ओझे येते. दुचाकी ट्रॉलीचेही तसेच आहे. फरक इतकाच की, जुवाच्या जागी इथे ट्रॅक्टरचा हूक आहे. आणि बैल अडून तरी बसतो, ट्रॅक्टर तसे सांगत नाही.

हूक मागच्या चाकांच्या आसाच्याही मागे असतो. त्यामुळे त्यावर भार पडला की ट्रॅक्टर तराजूसारखा मागे कलतो व पुढची चाके हलकी होतात. पुढची चाके हलकी झाली की स्टिअरिंग फिरवले तरी ट्रॅक्टर वळत नाही. ट्रॅक्टरच्या मोकळ्या वजनाचा निदान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर राहावा, असा सर्वसाधारण दंडक आहे.

एक स्थूल हिशेब करून पाहू. ट्रॅक्टर २००० किलोचा, त्यातले पुढच्या चाकांवर ७५० किलो. पुढच्या-मागच्या आसांतील अंतर २ मीटर. हूक मागच्या आसापासून ६० सेंटिमीटर मागे आणि जमिनीपासून ४५ सेंटिमीटर उंच. मागे उसासह ८ टनांची दुचाकी ट्रॉली असून तिचा हुकावर ५०० किलो भार आहे, असे धरू.

सपाटीला या भाराने पुढची चाके १५० किलोंनी हलकी होतात. एवढे चालते. पण दहास एक असा चढ लागला आणि पाणंद मऊ असली, तर ट्रॉली ओढायला सुमारे १२०० किलोंची ओढ लागते. ही ओढ पुढचा आणखी २७० किलो भार कमी करते. चढावर ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन मागे झुकते, त्याचे सुमारे ७० किलो. पुढे उरले अवघे २६० किलो, पाहिजेत ४००. आता हाच हूक वर चढवून ७० सेंटिमीटरवर नेला, तर ११० किलोच उरतात. मग एखादा खड्डा किंवा क्लचचा एक झटका पुरतो. ट्रॅक्टर मागे उलटायला दोन सेकंदही लागत नाहीत.

चारचाकी ट्रॉलीची दांडी खाली-वर हलती असल्याने तिचा भार हुकावर जवळजवळ येत नाही. म्हणून निर्धास्त राहू नये. ओढीचा परिणाम तिलाही चुकत नाही, आणि एकामागे दोन ट्रॉल्या जोडल्या की ओढ तेवढी वाढते.

यावर उपाय आपल्या हातातले आहेत :

१) ट्रॉली खालच्या ड्रॉबारलाच, कंपनीने दिलेल्या उंचीवर जोडावी. "चाकं घसरतात" म्हणून हूक वर घेऊ नये. टॉप लिंकच्या जागी तर साखळीसुद्धा अडकवू नये.

२) दुचाकी ट्रॉलीत मोळ्या आसाच्या दोन्ही बाजूंना सारख्या रचून थोडासाच भार पुढे ठेवावा. हूक ते आस ४ मीटर असेल, तर एक टन ऊस एक मीटर पुढे सरकला की हुकावर २५० किलो वाढतात. उलट सगळा भार मागे गेला तर दांडी हुकाला वर उचलते, ट्रॅक्टरची मागची चाके घसरतात आणि ब्रेकही नीट लागत नाही.

३) पुढच्या बंपरला कंपनीची लोखंडी वजने लावावीत. वरच्या हिशेबात पुढच्या आसाच्या ६० सेंटिमीटर पुढे १२० किलो लावले, तर पुढच्या चाकांवर १५६ किलो वाढतात आणि २६० चे ४१६ होतात. दगड किंवा माणूस बसवून हे काम करू नये.

४) पिन जाड, न झिजलेली आणि खिट्टी घातलेली असावी. शिवाय सुरक्षा साखळी हवीच.

५) रस्त्यावर दोन्ही ब्रेक पेडल एकत्र जोडलेले असावेत. उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करू नये; मागून ट्रॉली ढकलते आणि ट्रॅक्टर आडवा होतो.

६) तोंड उचलू लागले तर ड्रायव्हरने आधी क्लच दाबावा. तोंड खाली टेकले की ब्रेक लावावा.

शंका असल्यास काट्यावर ट्रॅक्टरची फक्त पुढची चाके चढवून, एकदा मोकळ्या ट्रॅक्टरने व एकदा भरलेली ट्रॉली जोडून वजन पाहावे. हे सपाटीचे वजन असते. चढावर ते आणखी घटणार, हे ध्यानात ठेवावे.

शेवटी एक विनंती. खेप वाचावी म्हणून "अजून दहा मोळ्या टाका" असे सांगणारे आपणच असतो. ड्रायव्हर बहुधा आपल्याच वाडीतला पोरगा असतो, आणि कित्येकदा तोडणी टोळीतल्या बायामाणसे व पोरे उसावर बसून निघतात. त्यांना उसावर बसू देऊ नये. राहिलेल्या मोळ्या पुढच्या खेपेला जातील. गाडी फडातून हलण्यापूर्वी हूक, पिन आणि पुढची चाके एकदा आपण स्वतः पाहावीत, एवढेच आमचे सांगणे आहे.