भाजले, पण कळले नाही

2016 सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. सकाळी दवाखान्यात पस्तिशीच्या एक बाई आल्या. उजव्या हाताच्या दोन बोटांवर मोठाले फोड होते. "भाकरी उलटताना तव्याला हात लागला असणार, डॉक्टरसाहेब. पण कवा लागला ते कळलंच न्हाई. फोड दिसला तवा समजलं," त्या म्हणाल्या. बरोबरच्या सासूबाई दाराशीच थांबल्या होत्या. त्यांनी मला बाजूला बोलावून हळूच विचारले, "तो मोठा आजार तर न्हाई ना हिला?" घरात बाईंचे ताट आणि तांब्या आधीच वेगळे झाले होते.

मी तपासले. बोटांवरून कापूस फिरवला, तो त्यांना कळला. टाचणी टोचली, तर काहीतरी लागते आहे एवढेच समजले, दुखले नाही. गरम आणि गार पाण्याच्या नळ्या हाताला लावल्या, त्यातला फरक सांगता येईना. अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल भाग वाळून गेला होता. कुष्ठरोगात अंगावर चट्टा असतो किंवा कोपराजवळची नस जाड लागते, आणि बधिर भागातला स्पर्शही बहुधा कमी होतो. इथे त्यातले काहीच नव्हते. सासूबाईंना तसे सांगितले. कुष्ठरोगही औषधांनी पूर्ण बरा होतो आणि त्यासाठीही कुणाचे ताट वेगळे करावे लागत नाही, हेही सांगितले.

मग जुना केसपेपर काढला. वर्षापूर्वी याच बाई माझ्याकडे आल्या होत्या. "खोकताना, शिंकताना डोक्याच्या मागे कळ येते" असे माझ्याच अक्षरात लिहिलेले होते. मी मानेचे मणके झिजले असतील असे समजून पट्टा आणि गोळ्या दिल्या होत्या. वाक्य लिहिले, पण त्याचा अर्थ लावला नाही. त्यात वर्ष गेले, ते त्या बाईंचे गेले.

हा आजार काय आहे?

शहरात जाऊन एमआरआय काढला. लहान मेंदूची खालची टोके कवटीच्या तळाच्या छिद्रातून 12 मिलिमीटर खाली मानेत उतरली होती, आणि मानेतल्या मज्जारज्जूच्या आत पाण्याने भरलेली लांबट पोकळी झाली होती. पहिल्या दोषाला 'कियारी विकृती' म्हणतात. हान्स कियारी या ऑस्ट्रियन विकृतिशास्त्रज्ञाने 1891 साली प्राग येथून तिचे वर्णन केले. साधारणपणे टोके 5 मिलिमीटर किंवा अधिक खाली आली की हे नाव देतात. मज्जारज्जूतल्या पोकळीला 'सिरिंगोमायलिया' म्हणतात.

मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती पाण्यासारखा स्वच्छ द्रव सतत खेळत असतो. मोठ्या माणसाच्या शरीरात तो रोज सुमारे अर्धा लिटर तयार होतो आणि शोषलाही जातो. नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर तो डोक्यातून मानेत आणि मानेतून डोक्यात ये-जा करतो. लहान मेंदूची टोके छिद्रात अडकली की ही वाट कोंडते. टोके मग हातपंपाच्या दट्ट्यासारखी खालीवर होऊन मानेतल्या पाण्यावर दाब देतात, असे अमेरिकेतील एडवर्ड ओल्डफील्ड आणि सहकाऱ्यांनी 1994 साली मांडले. या दाबाने पाणी मज्जारज्जूत शिरते आणि पोकळी वाढते. वेदना आणि उष्णता यांच्या तारा मज्जारज्जूच्या मध्यातून पलीकडे जातात. पोकळी नेमकी तिथेच होते, म्हणून चटका कळत नाही. स्पर्शाच्या तारा मागच्या बाजूने जातात, म्हणून कापूस कळतो.

दोन कागद, दोन सल्ले

बाई दोन मोठ्या शल्यविशारदांना दाखवून परत आल्या. एकाने लिहिले होते, फक्त हाड काढावे. दुसऱ्याने लिहिले होते, हाड काढून आवरणही उघडावे आणि ठिगळ लावावे. त्यांच्या यजमानांनी दोन्ही कागद माझ्या टेबलावर ठेवले. "डॉक्टरसाहेब, या दोघांत खरं कोण?" वाचकहो, दोघेही खरे होते. ते कसे, हे सांगण्यासाठीच आजचा लेख.

पहिली पद्धत हाडाची. रुग्णाला पालथे झोपवून, पूर्ण भूल देऊन कवटीच्या तळाचा मागचा थोडा भाग आणि मानेच्या पहिल्या मणक्याची मागची कमान काढतात. कोंडलेल्या भागाला जागा मिळते. मेंदूचे जाड आवरण उघडत नाहीत, त्यामुळे शस्त्रक्रिया लवकर आटोपते आणि पाणी गळण्याचा धोका फार कमी राहतो. मात्र काहींना एवढी मोकळीक पुरत नाही आणि पुन्हा टेबलावर जावे लागते.

दुसरी पद्धत ठिगळाची. हाड काढल्यावर आवरणाला चीर देतात आणि रुग्णाच्याच डोक्याच्या कातडीखालच्या पटलाचे, मांडीच्या पटलाचे किंवा कृत्रिम ठिगळ शिवून आवरण ऐसपैस करतात. आत जाळ्या चिकटल्या असतील तर त्या सोडवता येतात. काही सर्जन खाली आलेली टोकेही शेक देऊन आखडून घेतात. वाट अधिक खात्रीने मोकळी होते. पण आवरण एकदा उघडले की शिवणीतून पाणी झिरपणे, जखमेखाली फुगा धरणे, मेंदूच्या आवरणाला सूज येणे हे धोके वाढतात.

आकड्यांत हा हिशेब कसा दिसतो? 2008 साली अमेरिकेतील डरहॅम आणि फेल्ड-ओलेनेक यांनी मुलांवरील 7 अभ्यास एकत्र केले. त्यांत 582 रुग्ण होते. फक्त हाड काढलेल्यांपैकी 12.6 टक्के मुलांना पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. ठिगळ लावलेल्यांत हे प्रमाण 2.1 टक्के होते. उलट पाण्याशी संबंधित गुंतागुंत हाडाच्या पद्धतीत 1.8 टक्के, तर ठिगळाच्या पद्धतीत 18.5 टक्के आढळली. म्हणजे एकीकडे दुसऱ्या शस्त्रक्रियेची टांगती तलवार आणि दुसरीकडे गळतीची. यातले रुग्ण चिठ्ठ्या टाकून वाटलेले नव्हते; कोणती पद्धत वापरायची हे डॉक्टरांनी आपापल्या अंदाजाने ठरवले होते. म्हणून हे आकडे दिशा दाखवतात, अखेरचा निकाल देत नाहीत. मज्जारज्जूत मोठी पोकळी असेल तर अनेक सर्जन ठिगळाकडे झुकतात. लहान मुलात, दोष सौम्य असेल तर हाडावर थांबतात. काही जण शस्त्रक्रिया चालू असतानाच सोनोग्राफी करून, वाट मोकळी झाली की नाही हे पाहून ठरवतात.

तिसरी पद्धत नळीची. पोकळीत बारीक नळी घालून पाणी बाहेर काढून देतात. ऐकायला ही सर्वांत सरळ वाटते. पण मोरीत गवत अडकून पाटाचे पाणी शेतात शिरले, तर शहाणा शेतकरी आधी मोरी मोकळी करतो. नुसते शेतातले पाणी उपसत बसत नाही. शिवाय नळी तुंबते, सरकते आणि ती घालताना मज्जारज्जूला छेद द्यावा लागतो. म्हणून कियारीच्या रुग्णांत ती सहसा पहिल्यांदा वापरत नाहीत.

चौथा विचार आपल्या मुंबईचा. केईएम रुग्णालयात दीर्घकाळ काम केलेले डॉ. अतुल गोयल यांचे म्हणणे असे, की मूळ दोष मानेच्या पहिल्या दोन मणक्यांच्या सांध्यात आहे. तो डळमळीत असतो, आणि टोके खाली उतरणे हा त्याचा परिणाम आहे. म्हणून हाड न काढता तो सांधाच स्क्रूने पक्का करावा. 2015 साली त्यांनी अशा 65 रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. सांधा उघड उघड सरकलेला असेल तर तो पक्का करावा, याबद्दल फारसे दुमत नाही. तो सरकलेला दिसत नसतानाही हे करावे काय, यावर जगभर वाद आहे. सांधा पक्का केल्यावर मान वळवणे कमी होते, हेही लक्षात घ्यावे लागते.

बाईंचे पुढे काय झाले?

मान पुढे आणि मागे वाकवून काढलेल्या एक्स-रेत त्यांचा सांधा जागेवर होता. मेंदूच्या आतल्या पोकळ्यांत पाणी साठलेले नव्हते. तसे असते तर आधी त्याचा इलाज करावा लागला असता. मज्जारज्जूतली पोकळी मोठी होती. दोन्ही पद्धतींतला नफातोटा मी त्यांना समजावून सांगितला. बाईंनी ठरवले, "एकदाच काय ते होऊ द्या." ठिगळाची शस्त्रक्रिया झाली. सहाव्या दिवशी जखमेखाली पाण्याचा फुगा आला. घट्ट पट्टी बांधून त्यांना आणखी आठ दिवस रुग्णालयात ठेवावे लागले. मग तो ओसरला.

खोकताना येणारी कळ महिनाभरात गेली. वर्षाने काढलेल्या एमआरआयमध्ये पोकळी निम्म्याहून कमी झाली होती. पण बोटांना चटका आजही कळत नाही, आणि अंगठ्याजवळचे वाळलेले मांस भरून आलेले नाही. शस्त्रक्रियेचा पहिला हेतू नुकसान पुढे वाढू न देणे हा असतो. जे गेले ते सगळे परत येईलच असे नाही. त्या वर्षभराच्या उशिराची बोच मला याचमुळे आहे.

लक्षात ठेवा

खोकताना, शिंकताना किंवा कुंथताना डोक्याच्या मागच्या भागात कळ येत असेल, हाताला गरम-गार कळत नसेल, पंजाचे मांस वाळत असेल, किंवा वाढत्या वयाच्या मुलाचा पाठीचा कणा वाकडा होऊ लागला असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एमआरआयमध्ये कियारी दिसली आणि त्रास काहीच नसेल, तर घाबरू नका. अशा बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही. ठरावीक काळाने तपासणी पुरते.

शस्त्रक्रिया सुचवली गेली तर चार प्रश्न जरूर विचारा. मज्जारज्जूत पोकळी आहे काय आणि केवढी? मानेचा सांधा पक्का आहे काय? आवरण उघडणार की नाही, आणि का? पाणी गळले तर किंवा पोकळी कमी झाली नाही तर पुढे काय करणार? चांगला सर्जन या प्रश्नांनी रागावत नाही.

बाई आता लाकडी मुठीच्या उलथन्याने भाकरी उलटतात आणि तवा सांडशीने उतरवतात. सासूबाई शेजारी बसून चुलीकडे लक्ष ठेवतात. ताट मात्र आता सगळ्यांचे एकत्रच वाढले जाते.