पिवळा त्रिकोण दिसला म्हणून नवा पार्ट घेऊ नका!

शिरवळच्या कारखान्यांत रात्रपाळ्या करून, पै-पै साठवून मुलांसाठी जुना कॉम्प्युटर घेतलेला असतो. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसावे आणि नेमके इंटरनेट चालू नये, प्रिंटर गप्प राहावा! लगेच कोणीतरी म्हणते, "पार्ट गेला, नवा टाका." वाचकहो, खिशात हात घालण्याआधी थोडे थांबा, असे आमचे सांगणे आहे. पुष्कळदा पार्ट शाबूत असतो. बिघडलेला असतो तो त्याचा ड्रायव्हर.

ड्रायव्हर म्हणजे काय? कारखान्यात नवे मशीन आले, पण ऑपरेटरच नसेल तर ते नुसते उभे राहील. ड्रायव्हर हा असाच ऑपरेटर. तो एक प्रोग्रॅम असतो. विंडोजचा हुकूम पार्टला समजेल असा सांगतो.

आधी वायरी नीट बसवा आणि 'रीस्टार्ट' करा. 'शट डाउन' नको; 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर त्याने विंडोज पूर्ण नव्याने सुरू होत नाही. तरीही अडले, तर स्टार्ट बटणावर उजवे क्लिक करून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. पिवळा त्रिकोण असेल तेथे दोनदा क्लिक करा आणि दिसणारा कोड वहीत उतरवून घ्या. २८ म्हणजे ड्रायव्हर टाकलेलाच नाही. १० म्हणजे पार्ट सुरू होत नाही. ४३ म्हणजे पार्टने अडचण कळवल्यामुळे विंडोजने तो थांबवला.

अपडेटनंतर बिघाड झाला असेल, तर 'ड्रायव्हर' टॅबमधील 'रोल बॅक ड्रायव्हर' दाबा. ड्रायव्हर नसेलच, तर मॉडेल नंबर पाहून कंपनीच्याच वेबसाइटवरून घ्या. इंटरनेट बंद असेल, तर मोबाइल केबलने जोडून 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. फुकट ड्रायव्हर देणाऱ्या अनोळखी साइटच्या नादी लागू नका. व्हायरस घरात येईल.

मोठमोठ्यांचेही असेच अडते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा प्रोग्रॅमचा ड्रायव्हर एका सदोष फाइलमुळे कोसळला. जगातील सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पडले. भारतात काही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. पार्ट मात्र जळाले नव्हते. ती फाइल काढल्यावर कॉम्प्युटर चालू झाले.

सर्व करूनही प्रिंटर चालला नाही, तर तो ओळखीच्या कॉम्प्युटरला जोडून पाहा. तेथेही चालला नाही, तरच दुकान गाठा. जाताना वही आणि मुलीला किंवा मुलाला सोबत न्या. कोड त्यांनाच सांगू द्या. आपल्या घरातही हे कळते, हे दुकानदाराला कळले पाहिजे.