कोळशाची राख दिसते, अणूची राख कुठे ठेवतात?

वस्तीत रक्तदाब तपासायला बसले की हमखास राखेचा विषय निघतो. परवा एक माय वाळत घातलेले लुगडे झटकत म्हणाली, "सिस्टरबाई, कोळसा बंद करून अणूची वीज आणली, त राख त जाईन ना?"

प्रश्न साधा नाही. आपल्या कोळशात तीस-चाळीस टक्के राखच असते. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी केली, तेव्हा चंद्रपूर देशात चौथे होते. अणुवीज केंद्रातून असा धूर निघत नाही, हे खरे. पण चूल कोणतीही असो, मागे काही उरतेच. अणूच्या चुलीत उरते ते वापरलेले इंधन.

युरेनियमच्या गोळ्या भरलेल्या या धातूच्या नळ्या. एक्स-रे मशीनचे बटण बंद केले की किरणे थांबतात. या नळ्यांना बटण नाही. भट्टीबाहेर काढल्यावरही त्या तापत राहतात, किरणे सोडत राहतात. म्हणून त्यांना वर्षानुवर्षे खोल पाण्याच्या टाकीत ठेवतात. पाणी त्यांना थंड ठेवते आणि किरणेही अडवते. त्यातले सीझियम निम्मे व्हायला ३० वर्षे लागतात, प्लुटोनियमला २४ हजार.

आपल्या जिल्ह्यांत अणुकेंद्र नाही, पण महाराष्ट्रात आहे. पालघर जिल्ह्यातले तारापूर १९६९ पासून वीज देते. पहिले दोन संच अमेरिकेच्या मदतीने उभे राहिले. त्यांच्या वापरलेल्या इंधनाचे काय करायचे, यावर दोन्ही देशांचा वाद वर्षानुवर्षे चालला आणि इंधन तारापुरातच साठत गेले. पुढच्या दोन संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. आपल्या देशात अशा इंधनावर प्रक्रिया करून उरलेला जहाल कचरा काचेत गोठवून ठेवतात. पण तो कायमचा पुरण्यासाठी जमिनीत खोल जागा अजून तयार नाही. फिनलंडने त्यासाठी सुमारे ४०० मीटर खोल खडक खोदला आहे.

मार्च २०११ मध्ये जपानच्या फुकुशिमात त्सुनामीने वीज गेली, तेव्हा भट्ट्यांइतकीच काळजी इंधनाच्या टाक्यांची होती. टाक्यांतले पाणी टिकले. पण घाईघाईने हलवलेले कितीतरी म्हातारे, अंथरुणाला खिळलेले रुग्ण दगावले. परिचारिका म्हणून मला हे विसरता येत नाही. पुढच्याच महिन्यात, १८ एप्रिलला, रत्नागिरी जिल्ह्यात जैतापूर प्रकल्पाविरोधी आंदोलनात पोलीस गोळीबारात एक जण गेला. लोक प्रश्न विचारत होते.

आयोडीनच्या गोळीबद्दलही ऐकून ठेवा. ती फक्त किरणोत्सारी आयोडीनपासून गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीला वाचवते. इतर किरणांवर ती औषध नाही. सरकारी सूचनेशिवाय घेऊ नये.

विजेला आपला विरोध नाही. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब मजूरमंत्री होते, तेव्हा विजेचे धोरणही त्यांच्याकडे होते. म्हणूनच कुठलेही वीज केंद्र येवो, तीन प्रश्न विचारायचे:

१. उरलेला कचरा कुठे, किती वर्षे ठेवणार?
२. हवा-पाण्याची मोजणी कोण करणार आणि आकडे मराठीत गावात लावणार का? किरणोत्सर्ग डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही. त्याला यंत्रच लागते.
३. संकटात बाळंतीण, लकवा झालेला म्हातारा यांना कोणत्या गाडीने नेणार? अणुकेंद्राभोवतीच्या १६ किलोमीटरसाठी असा आराखडा लागतो आणि त्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर असते.

पहिले दोन प्रश्न आजच्या राखेलाही लागू आहेत. ३१ डिसेंबर २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेने औष्णिक केंद्रांना सगळी राख वापरात आणणे बंधनकारक केले आहे. ग्रामसभेत, वॉर्डाच्या बैठकीत हिशेब मागा.

त्या मायला मी म्हटले, "लुगड्यावरची राख जाईल, माय. पण नवी राख कोणाच्या दारात ठेवणार, ते आधी विचारू."