जुनें पद आणि नवा गळा

भांडें वापरलें म्हणजे झिजतें, वस्त्र वापरलें म्हणजे विरतें; परंतु गाण्याचा न्याय याहून उलट आहे. गाणें जितकें अधिक गावें तितकें तें टिकतें, आणि गाणारा कोणी उरला नाहीं म्हणजे तें मरतें. यास्तव प्रत्येक पिढीपुढें एक प्रश्न उभा राहतो. वाडवडिलांकडून आलेलीं गाणीं आपण कशीं गावीं? जशींच्या तशीं गावीं, तर आपण केवळ पोपट ठरतों. मनास येईल तशीं बदलावीं, तर त्या गाण्यांचा घात होतो. आमच्या तळोज्याच्या मुलामुलींस हा प्रश्न दर वर्षीं स्नेहसंमेलनाच्या सुमारास पडतो, मग तो त्यांनीं शब्दांत मांडलेला असो वा नसो. हातांतील दूरध्वनियंत्रावर एखादें गीत शंभर वेळां ऐकावयाचें, त्यांतील प्रत्येक हेलकावा उचलावयाचा, आणि रंगमंचावर तेंच ओतावयाचें, असा आज बहुतेकांचा परिपाठ झाला आहे. या प्रश्नाचें एका थोर गायकानें दिलेलें उत्तर आम्ही येथें वाचकांपुढें ठेवूं इच्छितों. तें उत्तर म्हणजे पंडित कुमार गंधर्व यांचा ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम व त्याच नांवाची त्यांची ध्वनिमुद्रिका होय.

प्रथम ध्वनिमुद्रिकेविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. हिंदुस्थानांत ग्रामोफोनसाठीं गाणीं मुद्रित करण्याचें काम 1902 सालीं कलकत्त्यास सुरू झालें. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूस सुमारें तीन मिनिटांचें गाणें मावत असे. एका गायकाच्या पुष्कळ तबकड्या एकत्र ठेवावयाच्या असल्या, तर छायाचित्रांच्या वहीसारख्या जाड पुठ्ठ्याच्या बांधणींत त्या घालीत. त्यावरूनच ‘आल्बम’ हा शब्द गाण्यांच्या संग्रहास लागला. पुढें 1948 सालीं अमेरिकेंत दीर्घ काळ वाजणारी तबकडी निघाली व तिच्या एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक गाणें मावूं लागलें. ही सुधारणा वरवर केवळ यंत्राची दिसते. परंतु तिनें गायकाच्या विचारांतही पालट घडविला. तीन मिनिटांत एक गीत होतें. चाळीस मिनिटांत एक संबंध विचार मांडतां येतो. एकच भाव किंवा एकच रचनाकार डोळ्यांपुढें ठेवून जुनीं लोकप्रिय गीतें निवडावींत, त्यांस एका सूत्रांत ओवावें, आणि तीं आपल्या रीतीनें पुन्हां गावींत, अशी प्रथा तिकडे रूढ झाली. फ्रँक सिनात्रा या गायकानें 1955 सालीं रात्रीच्या एकाकीपणाचीं गीतें अशा रीतीनें एकत्र केलीं. त्यांतील कित्येक गीतें पंचवीस वर्षांपूर्वींचीं होतीं. पुढच्याच वर्षीं एला फिट्झेराल्ड या गायिकेनें कोल पोर्टर या एकाच रचनाकाराचीं गीतें घेऊन तसाच संग्रह केला. ज्या प्रेमास प्रतिसाद मिळत नाहीं त्याची ज्योत मशालीप्रमाणें एकट्यानेंच धरून राहावयाचें, या कल्पनेवरून अशा विरहगीतांस त्या भाषेंत मशालीचीं गीतें म्हणतात.

आमच्या महाराष्ट्रांत अशीं गीतें कोठें सांपडतील? तीं आमच्या संगीत नाटकांत सांपडतील. अण्णासाहेब किर्लोस्कर यांनीं 1880 सालीं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलें, तेव्हांपासून पुढें पन्नास वर्षें नाट्यपद हेंच मराठी माणसाचें लोकप्रिय गीत होतें. त्या गीतांस घराघरांत नेणारा गळा नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व यांचा. यांचा जन्म 1888 सालचा व मृत्यु 1967 सालचा. 1905 सालीं ते किर्लोस्कर मंडळींत आले, आणि 1913 सालीं गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाली. स्त्रियांनीं रंगभूमीवर येणें तेव्हां प्रशस्त मानीत नसत. म्हणून भामिनी, रुक्मिणी, सिंधु या नायिका बालगंधर्वच उभ्या करीत. खाडिलकरांच्या 1916 सालच्या ‘स्वयंवर’ नाटकांतील रुक्मिणी कृष्णाची वाट पाहते. गडकऱ्यांच्या 1919 सालच्या ‘एकच प्याला’ नाटकांतील सिंधु दारूनें पोखरलेल्या पतीस धरून राहते. या दोघींचीं पदें म्हणजे आमच्या मशालीचींच गीतें होत. एकीची आशा पुरी होते, दुसरीची होत नाहीं. परंतु ज्योत दोघींच्याही हातांत सारखीच जळते.

बालगंधर्वांच्या गाण्याचा विशेष असा कीं, त्यांत शास्त्र होतें, पण शास्त्राचा बडेजाव नव्हता. ऑर्गनचा भरणा, कादरबक्षांची सारंगी व अहमदजान थिरकवा यांचा तबला यांच्या साथींत ते मध्यम लयींत शब्द खुलवीत जात. लहानशी मुरकी, हलकी तान, आणि समेवर येण्याची ती सहजता, यांनीं श्रोते वेडे होत आणि ‘वन्स मोअर’ची मागणी करीत. त्याच पदाचें ते पुन्हां निराळें रूप दाखवीत. हा शेवटचा मुद्दा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. तबकडीवर जें तीन मिनिटांचें रूप गोठून राहिलें तें त्या पदाच्या अनेक रूपांपैकीं केवळ एक होतें. इतकेंच नव्हे, तर मूळ पदेंही सर्वस्वीं नवीं नव्हतीं. ‘स्वयंवरा’स चाली देणारे भास्करबुवा बखले यांनीं जुन्या ख्यालांच्या बंदिशींवर मराठी शब्द बसविले, त्यापूर्वीं गोविंदराव टेंबे यांनीं 1911 सालच्या ‘मानापमाना’साठीं उत्तरेकडील ठुमरीचा ढंग मराठींत आणिला होता. म्हणजे ज्यास आपण ‘मूळ’ म्हणतों तेंही कोणी तरी आधींच्या धनावरून नव्यानें घडविलेलें होतें.

आतां कुमार गंधर्वांकडे वळूं. यांचें मूळ नांव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी. जन्म 8 एप्रिल 1924 रोजीं, बेळगांव जिल्ह्यांतील सुळेभावी येथें. हा मुलगा सात-आठ वर्षांचा असतांनाच मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून त्या हुबेहूब गाऊन दाखवीत असे. तान तशीच, ठेहराव तसाच, आवाजाची फेंकही तशीच! लोक थक्क होत. त्या कौतुकांतूनच ‘कुमार गंधर्व’ ही पदवी त्यास मिळाली व तीच त्याचें नांव होऊन बसली. मुलांनो, नक्कल करण्यांत या मुलाची बरोबरी कोणी करूं शकला असता असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु पुढें तो मुंबईस प्रोफेसर बी. आर. देवधर यांच्याकडे शिकावयास राहिला, आणि तेथें त्यास उमगलें कीं, दुसऱ्याचें गाणें आपल्या गळ्यांतून काढणें निराळें व गाणें समजणें निराळें. देवधर मास्तर स्वतः कोणत्याही एका घराण्याचे आंधळे अभिमानी नव्हते. सर्व घराण्यांतील चांगलें तें पाहावें, अशी त्यांची शिकवण होती.

यानंतर कुमारांवर मोठें संकट आलें. क्षयरोगानें त्यांचें एक फुप्फुस निकामी झालें. 1948 च्या जानेवारींत ते कोरड्या हवेसाठीं माळव्यांतील देवास येथें राहावयास गेले, व सुमारें पांच वर्षें त्यांस गातां आलें नाहीं. गायकास गाणें बंद म्हणजे जिवंतपणींचें मरणच. परंतु या काळांत कुमार ऐकत राहिले. खिडकीबाहेरून जाणाऱ्या भिक्षेकऱ्यांचे सूर, माळव्यांतील बायकांचीं सणाचीं व लग्नाचीं गीतें त्यांनीं मनांत सांठविलीं, आणि त्या लोकधुनांतून पुढें नवे राग बांधिले. बरे होऊन ते पुन्हां गाऊं लागले तेव्हां लांबलचक दमसासाचें गाणें त्यांस शक्य नव्हतें. त्यांनीं त्या उणिवेसच आपली शैली केली. लहान, धारदार स्वरसमूह, मध्येंच एक निःशब्द जागा, एखादा स्वर एकाएकीं मोठा तर पुढचा कुजबुजीसारखा, आणि मागें अत्यंत काळजीपूर्वक जुळविलेले तंबोरे, असें त्यांच्या गाण्याचें रूप झालें. एकेका विषयावर संबंध मैफल रचण्याची कल्पनाही त्यांनीं आपल्याकडे रुजविली. वर्षाऋतूचीं गीतें, वसंताचीं गीतें, कवि भा. रा. तांबे यांचीं गीतें, असे त्यांचे कार्यक्रम प्रसिद्ध आहेत. ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा त्याच मालिकेंतील होय.

या नांवाकडेच आम्ही वाचकांचें लक्ष वेधतों. ‘बालगंधर्वांचीं पदें’ असें नांव त्यांनीं दिलें नाहीं. ‘बालगंधर्वांची आठवण’ असेंही दिलें नाहीं. ‘उमजणें’ या आमच्या भाषेंतील शब्दास मोठी खोली आहे. पाठ करणें हें जिभेचें काम, समजणें हें बुद्धीचें काम. उमजणें हें हळूहळू आंतून उजाडणें आहे. आणि त्यामागें ‘मला’ हा शब्द! त्यांत नम्रता आहे व धैर्यही आहे. नम्रता अशी कीं, बालगंधर्व पूर्णपणें एवढेच आहेत असा दावा येथें नाहीं. मला दिसले तेवढे मी दाखवितों, इतकेंच म्हणणें आहे. धैर्य असें कीं, जें दिसलें तें दुसऱ्याच्या आवाजांत लपवून न सांगतां स्वतःच्या आवाजांत सांगितलें आहे. बालगंधर्वांचा लाडिक, गोलाईदार, स्त्रीभूमिकेस साजणारा आवाज कुमार काढीत नाहींत. साडी नाहीं, ऑर्गनचा थाट नाहीं, नाटकाचा पडदा नाहीं. पदाची चाल, राग व शब्द तेच राहतात. परंतु भावाचा नेमका मर्म कोठें आहे, कोणत्या शब्दावर थांबल्यानें नायिकेचें मन उघडें होतें, हें ते शोधीत जातात. नक्कल करण्याचें सामर्थ्य ज्याच्या अंगीं बालपणापासून होतें, त्यानेंच नक्कल नाकारावी, यांत या ध्वनिमुद्रिकेचें सारें मोल सांठविलेलें आहे. ज्यास नक्कल साधतच नाहीं त्यानें ती टाकणें यांत पुरुषार्थ तो कोणता?

सर्वांसच हें रुचलें असें नाहीं. ज्यांच्या कानांत मूळ गाणें भरलेलें होतें त्यांस नवें रूप परकें वाटणें स्वाभाविक होय, आणि त्या आक्षेपांत तथ्यही आहे. आईच्या आवाजांतील अंगाई दुसऱ्या कोणीं कितीही चांगली गाइली तरी ती आईची होत नाहीं. परंतु आक्षेप घेणाऱ्यांनीं हेंही पाहावें कीं, हुबेहूब तेंच ऐकावयाचें असेल तर बालगंधर्वांच्या तबकड्या आहेतच. त्यांची छाया कशाला हवी? मूळ ऐकून झाल्यावर तें दुसऱ्या थोर मनास कसें दिसलें हें ऐकणें, हा दुसरा आनंद आहे. आणि एक दुसऱ्याचा शत्रु नव्हे.

दुसराही एक मार्ग आहे. लताबाई मंगेशकर यांनीं ‘श्रद्धांजली’ या नांवानें कुंदनलाल सैगल, पंकज मलिक, गीता दत्त, मुकेश, महंमद रफी, किशोरकुमार इत्यादि दिवंगत गायकांचीं गाजलेलीं चित्रपटगीतें आपल्या गळ्यानें गाइलीं. तेथें भाव अर्थ शोधण्याचा नसून पूजेचा आहे. चालीचा मूळ आकार आदरानें सांभाळलेला आहे. कुमार गाण्याशीं संवाद करितात, लताबाई गाण्यापुढें फूल ठेवितात. दोन्ही रीति प्रामाणिक आहेत. कारण दोहींतही गाणारा स्वतः लपलेला नाहीं.

हें सर्व दूरच्या थोरांचें झालें असें कोणी समजूं नये. पनवेल-उरणच्या आगरी वस्तींत लग्नाचे विधि धवला गाऊन करणाऱ्या धवलारिणी आहेत. तीं गीतें कागदावरून आलेलीं नव्हेत. आजीकडून मुलीकडे, सासूकडून सुनेकडे तीं तोंडीं आलीं. प्रत्येक धवलारीण चाल तीच ठेविते, पण समोरच्या नवरानवरीचें नांव, गांव व प्रसंग त्यांत गुंफते. तळोज्याच्या परिसरांत जेथें शेतें होतीं तेथें आज कारखाने व उंच इमारती उभ्या आहेत. अशा ठिकाणीं ज्या घरांत आजी अजून धवला जाणते, त्या घरच्या मुलामुलींनीं तो तिच्याजवळ बसून शिकावा. यंत्रांत मुद्रित करून ठेवणें चांगलेंच; परंतु मुद्रण म्हणजे शिकणें नव्हे. आमच्या ख्रिस्ती भक्तिगीतांचाही असाच इतिहास आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा जन्म 1861 चा, मृत्यु 1919 चा. परक्या चालींवर बसविलेलीं भाषांतरित गीतें ज्या उपासनेंत गात असत, तींत त्यांनीं अभंग व भजन आणिलें. वारकऱ्यांचें तें जुनें पात्र, त्यांत नवी भक्ति! त्यांनीं तुकोबांची नक्कल केली नाहीं. तुकोबा त्यांस उमजले होते.

मग विद्यार्थ्यांनीं काय करावें? आमच्या मतें पायऱ्या तीन आहेत. पहिली पायरी अनुकरणाची. तिची लाज बाळगूं नये; कुमारांनींही तीच प्रथम चढली. चाल, ताल व शब्दोच्चार अचूक येईपर्यंत मूळ गायकाच्या मागें चालावें. दुसरी पायरी विचाराची. हें गीत कोण कोणास म्हणत आहे, कोणत्या प्रसंगीं, कोणत्या शब्दांत त्याचा जीव आहे, हें स्वतःस विचारावें. शब्दांचा अर्थ ठाऊक नसतां गाणें म्हणजे पत्ता न लिहितां पत्र टाकणें होय. तिसरी पायरी स्वतःच्या आवाजाची. आपला गळा जाड असो, पातळ असो, दम थोडा असो. जो आहे त्यांतच तो अर्थ सांगावा. एका फुप्फुसावर गाणाऱ्या पुरुषाचें उदाहरण डोळ्यांपुढें असतां आपल्या उणिवांची सबब कोणी सांगूं नये. पालकांसही एक विनंति आहे. मूल गाऊं लागलें म्हणजे ‘अगदीं अमक्यासारखें गातो’ एवढीच स्तुति करूं नये. ‘या गाण्यांत तुला काय उमजलें?’ असें एकदां विचारून पाहावें.

शुभवर्तमानांत धन्यानें चाकरांस सोपविलेल्या द्रव्याचा दृष्टांत आहे. एकानें तें भयानें जमिनींत पुरून ठेविलें व जसेंच्या तसें परत केलें. त्यांत त्यानें कांहीं चोरलें नव्हतें, तरी तोच दोषी ठरला. ज्यांनीं तें व्यवहारांत घालून वाढविलें त्यांची वाहवा झाली. वाडवडिलांचें गाणें हेंही असेंच सोपविलेलें द्रव्य आहे. तें उधळूं नये, तसेंच पुरूनही ठेवूं नये. आपल्या श्रमाची भर घालून पुढच्या हातीं द्यावें.