मज्जातंतू दाराशी येतो तेव्हा

पायाचं बोट हलवायचं मनात आलं, की पाठीच्या कण्यातून निघालेला मज्जातंतू स्नायूपाशी ॲसिटिलकोलिन हे रसायन सोडतो. ते झेलणारे रिसेप्टर स्नायूपेशीच्या पटलात बसलेले असतात. पूर्ण वाढलेल्या स्नायूत मज्जातंतू टेकतो त्या चिमुकल्या जागी त्यांची दाटी दर चौरस मायक्रॉनला 10,000च्या घरात असते. उरलेल्या स्नायूतंतूवर जवळजवळ शुकशुकाट!

ही मोजणी शक्य झाली ती सापाच्या विषामुळे. पावसाळ्यात आपल्याकडे जमिनीवर झोपलेल्यांना चावणाऱ्या मण्यारीची एक भाऊबंद तैवानमध्ये आहे. तिच्या विषातून चांग आणि ली यांनी 1963 साली बंगारोटॉक्सिन वेगळं केलं. ते या रिसेप्टरला असं चिकटतं की सहसा सुटत नाही. त्याला किरणोत्सारी खूण जोडली की रिसेप्टर मोजता येतात.

गर्भात मात्र सुरुवातीला रिसेप्टर तंतूभर विखुरलेले असतात. मग ही दाटी होते कशी? स्टॅनफर्डमध्ये मॅकमहान यांच्या गटाने टॉर्पेडो या वीजमाशाच्या वीज निर्माण करणाऱ्या अवयवातून ॲग्रिन हे प्रथिन मिळवलं. मज्जातंतू ते सोडतो आणि रिसेप्टर गोळा होतात. ॲग्रिन नसलेली उंदरांची पिल्लं जन्मतःच दगावतात, कारण श्वासाचा स्नायूच चालत नाही.

उत्तर सापडलं असं वाटत असतानाच 2001 साली कोडं पडलं. श्वासपटलापर्यंत मज्जातंतू पोचूच न दिलेल्या उंदराच्या गर्भातही रिसेप्टरचे पुंजके स्नायूच्या मध्यावर जमलेले दिसले! स्नायूने जागा आधीच धरून ठेवली होती. मग मज्जातंतू असून ॲग्रिन नसताना पुंजके जातात कुठे? 2005च्या प्रयोगांनी मला या विषयातलं सर्वांत सुंदर वाटणारं उत्तर दिलं. ॲग्रिन आणि ॲसिटिलकोलिन दोन्ही काढून टाकले, तर पुंजके टिकतात. म्हणजे ॲसिटिलकोलिन पुंजके मोडतं आणि ॲग्रिन आपल्यापुरते ते राखतं. एकच मज्जातंतू एका हाताने सारं आवरतो आणि दुसऱ्या हाताने आपल्या पायाखालची जागा सांभाळतो.

पुढे रिसेप्टरच्या पाच घटकांपैकी गॅमा जाऊन एप्सिलॉन येतो. रिसेप्टरमधली वाहिनी मग कमी वेळ उघडी राहते.

ही व्यवस्था जन्मभर राखावी लागते. मज्जातंतू तुटला, की रिसेप्टर पुन्हा तंतूभर उगवतात. लोमो आणि रोझेन्थाल यांनी 1972 साली उंदरांच्या अशा स्नायूंना विजेचे झटके देऊन ते पसरणं रोखून दाखवलं. स्नायूची हालचालच त्यांना आवर घालते.

म्हणूनच पक्षाघात झालेला, खूप भाजलेला किंवा दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेला रुग्ण शस्त्रक्रियेला आला, की भूलतज्ज्ञ स्नायू सैल करणारं सक्सिनिलकोलिन टाळतात. हे औषध तंतूभर पसरलेले रिसेप्टर एकदम उघडतं, स्नायूंतलं पोटॅशियम रक्तात धावतं आणि हृदय थांबू शकतं. ‘किती दिवस झाले झोपून?’ हा प्रश्न ते नातेवाइकांना म्हणूनच विचारतात.